उभ्या कपाशीवर नांगर : ‘न्यू डील’ची पार्श्वभूमी

फ्रँकलिन रूझवेल्ट 4 मार्च 1933 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष झाले, तेव्हा तिथला जवळपास दर चौथा कामगार बेकार होता. 1929 च्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळल्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. शेतमालाचे भाव मात्र पहिलं महायुद्ध संपल्यावर लगेचच गडगडले होते. खेड्यांत मंदी दहा वर्षं आधीच मुक्कामाला आली होती. आधीचे अध्यक्ष हूवर नुसते बघत बसले, असंही नाही. बँका आणि रेल्वे कंपन्यांना कर्ज द्यायला त्यांनी 1932 मध्ये सरकारी महामंडळ काढलं. बेकारांच्या हातात केंद्राचा पैसा थेट द्यायला मात्र त्यांचा विरोध होता.

मंदीतून देशाला बाहेर काढायला रूझवेल्ट यांनी जे सरकारी उपाय केले, त्यांना ‘न्यू डील’ म्हणतात. पण त्यांच्याकडेही तयार आराखडा नव्हताच. बँका काही दिवस बंद ठेवून, तपासून उघडल्या. ठेवींना विमा दिला. बेकार तरुणांना जंगलात झाडं लावायला पाठवलं. महिन्याचे 30 डॉलर, त्यातले साधारण 25 थेट घरी.

सगळ्यात चमत्कारिक प्रकार शेतीत घडला. भाव वाढवायचे तर पीक कमी हवं, म्हणून शेतकऱ्याला पेरा घटवण्याचे पैसे द्यायचे, असा कायदा मे 1933 मध्ये झाला. तोवर कपाशी उगवून वर आली होती! मग उभं पीक मोडण्याचे पैसे दिले. सुमारे एक कोटी एकरांवर नांगर फिरला. जन्मभर ओळीमधून चालायला शिकवलेली खेचरं पिकावर पाय द्यायला तयार होईनात, असं सांगतात. भाव वाढले खरे. पण पैसे यायचे जमीनमालकाकडे. अर्धेलीनं कसणाऱ्या कुळांचा वाटा त्यानं द्यायचा होता. अनेकांनी दिला नाही. पेरा घटल्यावर कुळांचीच गरज उरली नाही, आणि हजारो कुटुंबं रस्त्यावर आली. त्यांत कृष्णवर्णीय बरेच होते.

हा कायदा सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 1936 मध्ये घटनाबाह्य ठरवला. टिकला तो 1935 चा सामाजिक सुरक्षा कायदा, म्हातारपणीच्या पेन्शनचा. शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले होते. त्यांच्यातल्या नियमित कामावर असणाऱ्यांना त्यात जागा मिळाली ती 1950 च्या दुरुस्तीनं.