शुद्ध सुरात गाणाऱ्यांची पट्टी का उतरते?

जर्मन संगीतकार बाखच्या ‘बी मायनर मास’चं एक ध्वनिमुद्रण ऐकत होतो. ‘मास’ म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेसाठी रचलेलं वृंदगायन. अ‍ॅपनं त्याखाली तीन गोष्टी लिहिल्या होत्या: की (रचनेचा आधारस्वर आणि त्याभोवतीचे स्वर), टेम्पो (लय) आणि मूड. की होती ‘बी फ्लॅट मायनर’. बाखनं लिहिलेल्या पट्टीपेक्षा अर्ध्या स्वरानं खाली! मूड, अर्थातच, ‘उदास’, कारण मायनर, म्हणजे कोमल गंधाराची की, उदास मानली जाते.

की चुकली कशी? खरं तर चुकली नव्हती. आज जगभर ‘ए’ हा स्वर सेकंदाला ४४० कंपनं असा धरतात. हे १९३९ साली लंडनच्या परिषदेत ठरलं. बाखचं संगीत जुन्या धाटणीच्या वाद्यांवर वाजवणारे कलावंत मात्र बहुधा ‘ए’ ४१५ वर लावतात, म्हणजे जवळपास नेमका अर्धा स्वर खाली. संगणकाला स्वरलिपी माहीत नसते. तो आवाजातल्या वारंवारता मोजतो, त्या बारा स्वरांच्या बारा कप्प्यांत टाकतो, कोणता कप्पा किती भरला ते पाहतो आणि ही भरण कोणत्या कीच्या ठरावीक नमुन्याशी सर्वांत जास्त जुळते ते सांगतो. हे नमुने बनवण्याची एक प्रसिद्ध पद्धत कॅरल क्रमहान्सल आणि एडवर्ड केसलर या संशोधकांनी १९८२ मध्ये दिली. कोणता स्वर त्या कीत किती ‘बसतो’, हे त्यांनी माणसांनाच विचारलं होतं.

पण बाखच्या मासला वाद्यांचा आधार आहे, त्यामुळे पट्टी निदान एका जागी राहते. कॉयर (गायकवृंद) वाद्यांशिवाय गायला लागला की मला या विषयात सर्वांत जास्त आवडणारी गंमत सुरू होते. उत्तम कॉयरचीही पट्टी गाता गाता सरकू शकते, आणि कारण सूर कच्चा असणं हे नसतं. सूर फार शुद्ध असणं हेही कारण असू शकतं.

आपला सा २४० कंपनांचा धरू. शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३००. प्रत्येक स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वरही निघतात. साचा पाचवा उपस्वर १२०० (२४० × ५) आणि गचा चौथाही १२०० (३०० × ४). दोन्ही एकावर एक बसतात, म्हणून हे दोन आवाज मिळून एकजीव वाटतात. पियानोचा ग मात्र ३०२.४ असतो. त्याचा चौथा उपस्वर सुमारे १२०९.५ वर पडतो, आणि दोघांच्या फरकामुळे सेकंदाला साडेनऊ वेळा थरथर ऐकू येते. तयारीचे गायक ही थरथर नाहीशी होईपर्यंत आवाज सरकवतात. शेजाऱ्याच्या आवाजात आवाज विरघळला की सूर लागला.

आता एक साधी फेरी घ्या. सा वरून शुद्ध ग: ३००. ग वरून (ग धरून) चौथा वरचा स्वर ध, म्हणजे ४/३ पट: ४००. ध वरून (ध धरून) पाचवा खालचा स्वर रे, म्हणजे २/३ पट: २६६.६७. रे वरून वरचा प, ४/३ पट: ३५५.५६. आणि प वरून पुन्हा सा, २/३ पट: २३७.०४.

निघालो २४० वरून, पोचलो २३७ वर! एकही पाऊल बेसूर नव्हतं. प्रत्येक अंतर गणितानं नेमकं होतं, तरी घरी परतल्यावर घरच खाली सरकलेलं. हे गुणोत्तर ८०/८१ आहे. त्याला कॉमा म्हणतात, आणि तो अर्ध्या स्वराच्या साधारण पाचव्या भागाएवढा भरतो. पाच फेऱ्या मारल्या तर सा २२५.५ वर येतो, म्हणजे अर्ध्या स्वराहूनही थोडा जास्त खाली. ३, ५ आणि २ या वेगवेगळ्या मूळ संख्या आहेत. तीनच्या आणि पाचच्या घातांनी गुणत-भागत नेमकं एकवर परतता येत नाही, हे याचं मूळ. ही फेरी काल्पनिक नाही. सा, ध, रे, प, सा या क्रमानं येणारे स्वरसंघात (एकत्र गायलेल्या स्वरांचे गट) पाश्चात्त्य संगीतात सर्रास सापडतात. एका संघातातला स्वर पुढच्या संघातात धरून ठेवला की गायक नकळत हाच हिशोब करत जातात.

जोव्हानी बात्तिस्ता बेनेदेत्ती या इटालियन गणितज्ञानं सोळाव्या शतकातच हे ओळखलं होतं. चिप्रियानो दे रोरे या संगीतकाराला लिहिलेल्या पत्रांत त्यानं अशीच उदाहरणं मांडली. ती पत्रं १५८५ मध्ये छापली गेली. तंबोरा असता तर? सा सतत कानावर असता, आणि गायकानं एखादा स्वर किंचित हलवून हिशोब मिटवला असता. कॉयरकडे असा खुंटा नसतो. आठवण आणि एकमेकांचे आवाज एवढाच आधार, म्हणून प्रत्यक्षात सरक गणिताइतकी काटेकोर नसते. मग तीन मिनिटांच्या अशा गाण्याची एकच की कोणती सांगायची? सुरुवातीची की शेवटची?

‘ए’ ४३२ वर लावला की शरीर बरं होतं, विश्वाशी सूर जुळतो, असे दावे सतत पुढे पाठवले जातात. त्यांना काही आधार नाही. सेकंद हे माणसानं ठरवलेलं माप आहे. सेकंद थोडा लांब ठरवला असता तर तोच स्वर दुसऱ्या आकड्यावर गेला असता. आणि ४४० वरून निघालेला कॉयर वरच्या दोन फेऱ्यांत ४३२ ओलांडून ४२९ वर पोचतो.

टेम्पोबद्दल थोडक्यात. संगणक आवाजाची अचानक होणारी उसळी शोधतो आणि त्या उसळ्या किती वेळानं परत येतात ते मोजतो. ढोलावर हे सोपं आहे. मानवी स्वर हळूच उमलतो, त्यात मोठ्या चर्चमधला घुमारा कित्येक सेकंद रेंगाळतो, कडा पुसल्या जातात. म्हणून मिनिटाला ६० ठोक्यांच्या जागी १२० किंवा उलट अशी चूक नेहमी होते.

मूडचं लेबल मला सर्वांत जास्त खटकतं. मायनर म्हणजे दुःख, हे समीकरण फार ढोबळ आहे. मोत्सार्टचा ‘रेक्विएम’ (मृतांसाठीचा मास) घ्या, १७९१ मध्ये त्याच्या मृत्यूमुळे अपुरा राहिलेला. त्यातला ‘दिएस इरे’ डी मायनरमध्ये आहे: वेगवान, अंगावर कोसळणारा, भयानं भरलेला. ‘लाक्रिमोसा’ही डी मायनरमध्येच, पण संथ, हुंदक्यांसारखी थांबत थांबत वर चढणारी. की तीच. भाव बदलला तो लयीनं, आवाजाच्या जोरानं, शब्दांनी. आणि संपूर्ण ‘रेक्विएम’चा अगदी शेवटचा स्वरसंघात ऐका: त्यात फक्त डी आणि ए आहेत. मेजर (शुद्ध गंधाराची) का मायनर हे ठरवणारा मधला स्वर तिथे नाहीच.