मुलांची पहिली गाडी: जुनी घ्या, पण बेल्ट ओढून बघा

अठरा पूर्ण झालेल्या मुलासाठी किंवा मुलीसाठी चार लाखांच्या आसपासची जुनी गाडी शोधताना बहुतेक जण आधी ॲव्हरेज विचारतात. आमचा आग्रह आहे, आधी एअरबॅग आणि एबीएस विचारा. नवा हात घाबरला की ब्रेक एकदम दाबतो. एबीएस असेल तर चाकं जाम होत नाहीत आणि स्टिअरिंग वळवता येतं.

आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष असतं, ते बघा. पासिंगची तारीख नव्हे. एप्रिल 2019 पासून एबीएस आणि जुलै 2019 पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या सीटची सगळ्या गाड्यांना जानेवारी 2022 पासून. त्याआधीच्या गाड्यांत एकाच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला एकच आणि वरच्याला दोन, असं सर्रास आढळतं. तेव्हा डॅशबोर्डवर डाव्या बाजूला एअरबॅगची अक्षरं आहेत का ते बघा. पहिले काही महिने त्या सीटवर तुम्हीच बसणार आहात.

बोटाने पत्रा ठोकून मजबुती कळत नाही. गाड्या मुद्दाम धडकवून पाचपैकी तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत 2020 साली टियागोला 4 आणि अल्ट्रोझला 5 तारे मिळाले, 2018 ची स्विफ्ट 2 वर राहिली. 2022 मध्ये निकष कडक झाले, त्यामुळे त्यानंतरचे तारे या ताऱ्यांशी ताडून पाहू नका.

सांगलीत याहून मोठी काळजी पुराच्या गाडीची. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, जुलै 2021 मध्ये पुन्हा शहरात शिरलं. बुडालेली गाडी धुऊन, नवं कार्पेट घालून उभी केली की वरून काही कळत नाही. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत गिअरच्या दांड्याजवळ, खाली फ्लोअरवर बसवलेलं असतं. सीट भिजायच्या आधी ते बुडतं, आतल्या पिना गंजतात. इंजिन दुरुस्त होऊन गाडी छान पळते, पण धडकेच्या वेळी एअरबॅग उघडेल याची खात्री राहत नाही.

म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. रिळातला शेवटचा वीतभर पट्टा धुतला जात नाही. तिथे मातकट रेघ दिसली तर सौदा तिथेच थांबवा. स्टेपनी उचलून खालच्या खड्ड्यात गाळ आहे का बघा, सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का तेही.

नंतर चावी फिरवा, पण इंजिन चालू करू नका. एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत आपोआप विझला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब काढलेला असू शकतो. इंजिन चालू होईपर्यंत तसाच राहून ऑइलच्या दिव्याबरोबर विझला, तर त्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडलेली असण्याची दाट शक्यता. एबीएसचा दिवाही असाच तपासा.

चार लाख असतील तर साडेतीनचीच गाडी घ्या, उरलेले टायर-ब्रेकला लागतात. टायरवर ‘2319’ असेल तर तो 2019 च्या 23व्या आठवड्यातला. नक्षी चांगली दिसली तरी रबर कडक झालेलं असतं आणि पावसात पकड सुटते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. पसरणी घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की ते उकळतं आणि पेडल मऊ पडतं. दर दोन वर्षांनी बदला, आणि उतारावर दुसरा गिअर लावायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. हेडलाइटची पिवळी पडलेली काच पॉलिश करून घ्या. ऊस हंगामात रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली रात्री अगदी जवळ आल्यावरच दिसते.

गाडी नावावर झाली की विमाही 14 दिवसांत नावावर करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, तुम्हाला मिळत नाही. अठराच्या आत चावी देऊ नका: पालकाला 25,000 रुपये दंड, 3 वर्षांपर्यंत कैद, आणि मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही.

तपासणीसाठी गाडी आमच्याकडे सकाळी, इंजिन गार असताना दाखवा. तापलेल्या इंजिनात स्टार्टिंगची कुरकुर आणि पहिला निळा धूर लपतो. येताना आरसी, विमा, पीयूसी आणि दोन्ही चाव्या आणा.