सेल फुटला नाही, तरी अन्ननलिका जळते

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या छोटूने, म्हणजे त्यांच्या पगने, वजनकाट्याचं झाकण कुरतडून आतला बटण सेल गिळला होता. लगेच सल्ले सुरू झाले. केळं चारा, मीठ-पाणी पाजून ओकारी काढा, एरंडेल द्या, गळ्यात काळा दोरा बांधा. सगळ्यात जास्त अंगठे मिळाले ते एका काकांच्या वाक्याला: ‘अहो, कुत्र्याला हाडं पचतात. सेल फुटून आतलं ॲसिड बाहेर आलं तरच भीती.’

दोऱ्याचं सोडून देऊ. त्याने फक्त वेळ जातो, जरी इथे वेळच महाग असला तरी. काकांचं वाक्य मात्र शास्त्रीय वाटतं, म्हणून लोक त्यावर विसंबतात. त्यात दोन चुका आहेत. इजा व्हायला सेल फुटावा लागत नाही. आणि भाजतं ते ॲसिडने नाही, अगदी उलट स्वभावाच्या पदार्थाने, अल्काने.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो, त्यामुळे हे तोंडी पटवण्यापेक्षा बटाट्यावर दाखवणं मला सोपं जातं. बटाट्याच्या दोन चकत्या घ्या, त्यांना हळद-मिठाचं पाणी चोळा, आणि मधे सीआर२०३२ हा नेहमीचा सेल सँडविचसारखा दाबून ठेवा. थोड्या वेळाने उघडून बघा. सेलची एक बाजू जिथे टेकली होती तिथली पिवळी हळद लालभडक झालेली असते आणि बारीक बुडबुडे फेसाळत असतात. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. म्हणजे बटाट्यात अल्क तयार झालं. सेल मात्र अखंड आहे, त्यातून थेंबही गळलेला नाही.

मग अल्क आलं कुठून? पाण्यातून. १८०० साली व्होल्टाच्या विद्युतघटाची बातमी लंडनला पोचली आणि निकोल्सन व कार्लाइल या दोघांनी त्याच वर्षी वीज वापरून पाणी फोडून दाखवलं. तेच विद्युत अपघटन आपण दहावीत शिकतो. सेलच्या ऋण टोकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, पाण्याचे रेणू ते घेतात आणि तुटतात: हायड्रोजन बुडबुड्यांनी निघून जातो, मागे हायड्रॉक्साइड उरतं. यासाठी सैद्धांतिकदृष्ट्या १.२३ व्होल्ट लागतात, प्रत्यक्षात थोडे अधिक. लिथियमच्या चपट्या सेलमध्ये ३ व्होल्ट असतात. रिमोट चालेनासा झाला म्हणून आपण ज्याला ‘मेलेला’ म्हणतो, त्या सेलमध्येही एवढं काम करण्याइतका जीव पुष्कळदा शिल्लक असतो.

किती अल्क? इथे थोडं गणित करतोच, नको असेल त्यांनी पुढचा परिच्छेद गाठावा. सीआर२०३२ ची क्षमता साधारण २२० मिलीअँपिअर-तास, म्हणजे ७९२ कूलोम. एक मोल इलेक्ट्रॉनला ९६,४८५ कूलोम लागतात, म्हणून भाग दिला की ०.००८२ मोल हायड्रॉक्साइड. सोडियम हायड्रॉक्साइडचा रेणुभार ४०, तेव्हा कॉस्टिक सोड्याच्या हिशेबात सुमारे ०.३३ ग्रॅम. तुंबलेली मोरी साफ करायला टाकतो तोच हा कॉस्टिक. सगळा सेल रिकामा व्हायची गरज नाही. याचा दहावा हिस्साही एका नाण्याएवढ्या जागेत पुरेसा वाईट आहे, कारण त्या जागेचा सामू (पीएच) १२-१३ पर्यंत चढतो.

आम्लाने भाजलं की प्रथिनं साकळतात आणि त्यांचा थर काही प्रमाणात आडवा येतो. अल्क तसं थांबत नाही. ते चरबीचा अक्षरशः साबण करतं, प्रथिनं विरघळवतं आणि आत झिरपत राहतं. त्यातून सेल अन्ननलिकेत अडकला की दोन्ही बाजूंनी ओल्या भिंती त्याला घट्ट धरतात, बटाट्याच्या चकत्यांसारख्या, आणि विजेचं मंडल पूर्ण होतं. कुत्र्यात अडकायच्या जागा ठरलेल्या: छातीच्या तोंडाशी, हृदयाच्या वर, श्वासपटलाच्या अलीकडे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत १५ मिनिटांत इजा सुरू झालेली दिसते. २ तासांत ती गंभीर होऊ शकते. जठरात पोचलेला सेल एका जागी चिकटून राहत नाही, आजूबाजूला आम्लही असतं, म्हणून धोका कमी. पण तो कुठे आहे हे एक्स-रेशिवाय कळत नाही.

म्हणून आधी घड्याळ बघायचं, डॉक्टरांना फोन करायचा, तसाच दुसरा सेल किंवा रिकामं पाकीट खिशात टाकायचं आणि निघायचं. कुत्रा लाळ गाळत असेल, सारखा आवंढा गिळत असेल तर सेल वरच अडकल्याची शंका घ्यावी. काहीच लक्षण नसलं म्हणून थांबू नये. ओकारी काढायची नाही. खाली गेलेला सेल परत अन्ननलिकेत आणून ठेवण्यासारखं आहे ते, आणि मीठ-पाण्याने रक्तातलं सोडियम वाढून कुत्रा दगावू शकतो. ‘अल्क आहे ना, मग लिंबू पाजू’ हा हुशार विद्यार्थ्याचा विचार, तोही नको. सेल अल्क बनवत राहतो आणि धडपडणाऱ्या कुत्र्याच्या फुप्फुसात लिंबूपाणी जाण्याचीच शक्यता अधिक. मधाची गोष्ट थोडी वेगळी. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या प्रयोगात डुकराच्या पिल्लांमध्ये मधाने इजा कमी झाली, आणि वर्षाच्या पुढच्या मुलांना दवाखान्यात नेईपर्यंत मध द्यावा असा सल्ला तिथे दिला जातो. कुत्र्याला द्यायचा का, हे त्याच फोनवर डॉक्टरांना विचारावं.

फोनवर आणखी एक विचारा: दुर्बीण (एंडोस्कोप) आहे का? एक्स-रे बऱ्याच ठिकाणी असतो, पण अन्ननलिकेतला सेल बहुधा दुर्बिणीनेच काढावा लागतो. हे रात्री साडेनऊला शोधण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं.

(अल्कलाइन पेन्सिल सेल चावून फोडला असेल तर प्रकार निराळा. त्यात आधीच पोटॅशियम हायड्रॉक्साइड भरलेलं असतं. तोंड साध्या पाण्याने बराच वेळ धुवावं. व्रण दुसऱ्या दिवशीही उमटतात.)

छोटूच्या एक्स-रेवर पांढरं वर्तुळ दिसलं आणि त्याच्या कडेला आत आणखी एक फिकट वर्तुळ. नाण्याला अशी दुहेरी कड नसते. आडव्या फोटोत सेलला एक पायरी दिसते. अरुंद पायरीची बाजू ती ऋण बाजू, आणि तिचं तोंड जिकडे तिकडे छेद पडण्याची भीती. छोटूचं नशीब असं की सेल जठरात उतरलेला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तो बाहेर पडला. काकूंनी धुऊन, प्लास्टिकच्या डबीत घालून माझ्याकडे आणून दिला. ‘बघा, ही बाजू किती जळलीय, हीच ना ती?’ ती नव्हती. गंजून काळवंडली होती ती धन बाजूची कड. ज्या ऋण बाजूने मांस जळतं, ती अजून बऱ्यापैकी चकचकीत होती.