वेलेताच्या घाटातला पाऊण सेकंद

निघायच्या आदल्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि माझ्या हातात एक पुरचुंडी ठेवली. आत भीमसेनी कापूर, चार लवंगा आणि चिमूटभर ओवा. "तिकडे डोंगरावर हवेत ऑक्सिजन कमी असतो म्हणे. दम लागला की हुंग." २०२१च्या त्या वाईट एप्रिल-मेमध्ये हाच तोडगा मोबाइलवरून घरोघरी फिरला होता. काकूंशी वाद घालायची माझी प्राज्ञा नाही. पुरचुंडी सायकलच्या पिशवीत गेली. त्यांच्या वाक्यातल्या चुकीवर मात्र पुढचे चार दिवस मी पेडल मारत विचार करत राहिलो.

मी चाललो होतो दक्षिण स्पेनमधल्या सिएरा नेवाडाला. सिएरा म्हणजे करवत, नेवाडा म्हणजे बर्फाळलेली. लांबून डोंगररांग दिसतेही तशीच दातेरी. याच रांगेतलं मुलासेन हे ३,४७९ मीटरचं शिखर आयबेरियन द्वीपकल्पात सर्वांत उंच. त्याच्या शेजारचं वेलेता ३,३९६ मीटर, आणि सायकलवाल्यांचा जीव या दुसऱ्यावर, कारण त्याच्या माथ्याच्या अगदी जवळपर्यंत डांबरी रस्ता जातो. युरोपातला सर्वांत उंच डांबरी रस्ता तो हाच. पायथ्याचं ग्रानादा शहर साधारण ७०० मीटरवर. म्हणजे ४०-४५ किलोमीटरमध्ये २,६०० मीटरहून अधिक चढ. कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर आहे, त्यावरून अंदाज करा. २,५०० मीटरवर ओया दे ला मोरा नावाच्या ठिकाणी आडवा दांडा लागतो. खासगी गाड्या तिथे थांबतात, सायकल मात्र पुढे जाऊ शकते. तिथून वर डांबर जागोजागी उखडलेलं, वारा बोचरा आणि कडेला खडकावरून तुमच्याकडे निर्विकारपणे बघणाऱ्या रानबकऱ्या.

आता काकूंचं वाक्य. ग्रानादात हवेतला ऑक्सिजन २०.९ टक्के. वेलेताच्या माथ्यावर? २०.९ टक्केच. वारे आणि अभिसरण हवा इतकी ढवळत राहतात की एव्हरेस्टवरही हे प्रमाण बदलत नाही. कमी होतो तो दाब. आपल्या डोक्यावर हवेचा जो थर असतो त्याच्या वजनामुळे खालची हवा दाबली जाते. वर गेलात की डोक्यावरचा थर पातळ होतो आणि हवा सैल पडते. समुद्रसपाटीला दाब ७६० मिलिमीटर पारा, ग्रानादात सुमारे ७००, वेलेतावर सुमारे ५००. एका श्वासात फुप्फुसं तेवढीच फुगतात, पण आत येणारे रेणू जवळपास एक तृतीयांशाने कमी.

इथवर शाळेतलंच आहे. पण मग एक प्रश्न पडायला हवा. ऑक्सिजनचा दाब एक तृतीयांशाने घटला, तर रक्तातला ऑक्सिजनही तेवढाच घटला पाहिजे. तो तेवढा घटत नाही. कोविडच्या काळात घेतलेला, बोटाला चिमट्यासारखा लावायचा ऑक्सिमीटर मी बरोबर नेला होता. ग्रानादात आकडा ९७. वेलेतावर अर्धा तास बसून, हात काखेत ऊब देऊन (गार बोटावर हे यंत्र वाटेल ते सांगतं) पाहिलं तर ८८. ग्रानादापेक्षा दाब सुमारे २९ टक्क्यांनी खाली, रक्त जेमतेम ९ अंकांनी. मधली तूट कोणी भरून काढली?

हिमोग्लोबिनने. या रेणूत ऑक्सिजनसाठी चार जागा असतात आणि गंमत अशी की त्या एकमेकींशी बोलतात. पहिला ऑक्सिजन बसायला कष्ट पडतात, पण तो बसला की रेणूचा आकार किंचित बदलतो आणि बाकीच्यांना बसणं सोपं होतं. म्हणून ऑक्सिजनचा दाब आणि भरलेल्या जागा यांचा आलेख सरळ रेषेत न जाता इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब १०० मिलिमीटर पारा असताना ९७-९८ टक्के जागा भरलेल्या असतात. दाब ६०वर आला तरी ९० टक्के भरलेल्या. त्याच्याखाली मात्र घसरगुंडी सुरू होते: ४०ला ७५ टक्के, २७ला निम्म्याच. आपण समुद्राकाठची माणसं या आलेखाच्या माथ्यावरच्या पठारावर राहतो, थोडं इकडेतिकडे झालं तरी कळत नाही. वेलेतावर रक्तातला दाब पन्नाशीच्या जरा वर असतो. म्हणजे तुम्ही पठाराच्या कड्यावर उभे आहात. उभे असाल तर ठीक. चढात पेडल मारत असाल तर?

आता माझी आवडती गोष्ट. जरा सावकाश वाचा.

फुप्फुसात ऑक्सिजन भरून घ्यायला लाल पेशीला किती वेळ मिळतो? तुम्ही खुर्चीत बसून हा लेख वाचत असाल तर सुमारे पाऊण सेकंद. तेवढ्यात ती हवेच्या पिशवीला वेढलेल्या केशवाहिनीतून घसरत जाते. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू, प्रत्येकात चार जागा, आणि एवढं सगळं भरून होतं पहिल्या पाव सेकंदातच. लग्नाच्या पंगतीची कल्पना करा. पाहुण्याला पाऊण सेकंद बसायची मुभा आहे आणि वाढप पाव सेकंदात उरकतं. उरलेला अर्धा सेकंद राखीव, निवांत.

घाटात हृदय धडधडायला लागतं. रक्ताचा प्रवाह चौपट-पाचपट होतो. मिटून बसलेल्या काही केशवाहिन्या उघडतात, म्हणजे मांडवात जादा पाट मांडले जातात, तरी प्रत्येक पाहुण्याचा वेळ कमी होत होत पाव-तीन दशांश सेकंदावर येतो. "उठा, पुढची पंगत बसायचीय!" समुद्रसपाटीला यानेही बिघडत नाही, कारण वाढप तेवढ्यात होतं. राखीव वेळ असतोच यासाठी.

वेलेताच्या घाटात मात्र वाढपीही मंदावलेले असतात. ऑक्सिजन भिंत ओलांडून रक्तात शिरतो तो दाबातल्या फरकामुळे. खाली, आरामात, पिशवीत १०० आणि येणाऱ्या अशुद्ध रक्तात ४०, म्हणजे फरक ६०चा. वर, चढात, पिशवीत साठीच्या आसपास आणि दमलेल्या स्नायूंनी पिळून काढलेल्या रक्तात विशी-पंचविशी. फरक ३५-४०वर आला. शिवाय आपण आता आलेखाच्या उतारावर आहोत. तिथे रक्ताचा दाब एका अंकाने वाढवायचा तर पठारापेक्षा कितीतरी जास्त रेणू बसवावे लागतात, म्हणजे ताटं रिकामी आणि भूक मोठी. वाढायला वेळ जास्त लागणार आणि बसायला मिळणार कमी. पाहुणा अर्धपोटी उठतो. साधारण २,९०० मीटरवर एका वळणावर मी धापा टाकत उतरलो आणि लगेच ऑक्सिमीटर लावला: ८३. दोन मिनिटं नुसता उभा राहिलो: ८९. हवा तीच, उंची तीच, डोंगर तोच. बदलला होता मुख्यतः रक्ताला मिळणारा वेळ.

यातून एक उफराटी गोष्ट निघते. कसलेल्या शर्यतपटूचं हृदय मोठं, ते मिनिटाला भरमसाट रक्त ढकलतं. म्हणून त्याच्या पेशींना फुप्फुसात आणखीच कमी वेळ मिळतो. उंचीवर अशा अनेकांची कमाल ताकद सामान्य माणसाच्या तुलनेत जास्त टक्क्यांनी घसरते. याच डोंगरावर २,३२० मीटरवर स्पेनचं क्रीडा प्रशिक्षण केंद्र आहे. खेळाडू तिथे आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकतात, कारण शरीराला एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक वाढवायला काही तास पुरत असले तरी त्यातून नव्या लाल पेशींची फौज उभी राहायला आठवडे जातात. पेशींना ऑक्सिजनची टंचाई कशी उमगते, या शोधाला २०१९चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. चार दिवसांच्या सायकल सफरीत तुमच्या माझ्या रक्तात असलं काही होत नाही. आपल्यापाशी उपाय एकच: सर्वांत हलका गिअर टाकून पंगत हळू उठवणं.

"विरळ हवेत सायकल जोरात पळते" हेही लोक ऐकवतात. ते खोटं नाही. १९७२मध्ये बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स याने तासाभराचा विक्रम करायला मेक्सिको सिटी गाठली ती त्यासाठीच, आणि ४९.४३१ किलोमीटर कापले. सपाट ट्रॅकवर, त्या वेगात, जवळपास सगळी ताकद हवा कापण्यात जाते. माझा हिशेब वेगळा. मी, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरा. सहा टक्के चढावर ताशी सात किलोमीटरने जायला सुमारे १३० वॉट लागतात. त्यातले हवेच्या विरोधावर किती? दोनेक. हवा तीस टक्क्यांनी विरळ झाली म्हणून माझा वाचला अर्धा-पाऊण वॉट, आणि इंजिनाची कमाल ताकद मात्र जवळजवळ पाचव्या हिश्श्याने गेली. सौदा सरळसरळ तोट्याचा.

आणि कापूर? कापराच्या वाफेने नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या चेतातंतूंना चाळवलं जातं. त्यामुळे नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, श्वास मोठा आल्यासारखं वाटतं. नाकातून जाणारी हवा तेवढीच असते आणि हिमोग्लोबिनला लवंगेचं काही कौतुक नाही. मी वळणावर प्रामाणिकपणे हुंगून पाहिलं. ऑक्सिमीटर ढिम्म. (मुलं असलेल्या घरात कापूर वर ठेवा, पोटात गेला तर तो विषारी आहे.) पण मनाली-लेहला जाणारी आमची शहाणी मंडळी दुकानातून ऑक्सिजनचे डबे घेतात तेव्हा काकूंना हसायचा अधिकार त्यांना उरत नाही. डबा सहा लिटरचा असो की दहा. चढात माणूस मिनिटाला पन्नास-साठ लिटर हवा आतबाहेर करतो. करा भागाकार.

ज्या हवेने माझी ही गत केली ती दुसऱ्या कुणाच्या मात्र पथ्यावर पडली आहे. चढताना २,८५० मीटरवर एक पांढरी महाकाय तबकडी दिसते. ती ३० मीटर व्यासाची दुर्बीण मिलिमीटर लांबीच्या रेडिओलहरी टिपते. या लहरी पाण्याची वाफ गिळून टाकते, आणि वर वाफ कमी. २०१९मध्ये कृष्णविवराची पहिली प्रतिमा जाहीर झाली, तिच्या मागच्या जागतिक जाळ्याच्या ताफ्यात ही दुर्बीणही आहे. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या ४५ मीटरच्या तबकड्यांना असा डोंगर चढावा लागला नाही, कारण त्या ज्या मीटरभर लांबीच्या लहरी ऐकतात त्यांना वाफेचं सोयरसुतक नसतं. धाप ओसरेपर्यंत मी त्या तबकडीकडे बघत बसलो. बसायला निमित्त चांगलं होतं.

माथ्यावर पोचलो तेव्हा दुपारचे दोन. दक्षिणेला भूमध्य समुद्राची धुरकट पट्टी. हवा स्वच्छ असेल तर पलीकडे मोरोक्कोचे डोंगर दिसतात, मला दिसले नाहीत. उरलेलं पाणी प्यायलो, प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीचं झाकण घट्ट फिरवून ती पिशवीत कोंबली आणि उतरायला लागलो. इथे मात्र विरळ हवा खरंच जाणवते. पेडल न मारता उताराने जाताना वेगाला लगाम घालते ती मुख्यतः हवाच, आणि ती तिथे समुद्रसपाटीपेक्षा तीसेक टक्के पातळ. त्याच उतारावर सायकल अठरा-वीस टक्के जास्त वेग घेऊ शकते. दिवसभर पायांनी साठवलेली २६ लाख ज्यूल ऊर्जा आता हवेच्या आणि ब्रेकच्या वाट्याला. ओया दे ला मोराला थांबून चाकाच्या कडेवर थुंकीचं बोट लावलं, चर्र झालं.

रात्री ग्रानादातल्या खोलीत पिशवी रिकामी केली. बाटली कुणी पायाखाली चिरडावी तशी आत ओढली गेली होती. माथ्यावरची पाचशेची हवा आत, सातशेची बाहेर. झाकण सैल केलं तर फुस्स करून ती फुगून उभी राहिली. तळाशी काकूंची पुरचुंडी सापडली. कापूर बराचसा उडून गेला होता आणि सगळ्या कपड्यांना देवघराचा वास लागला होता. लवंगा आणि ओवा शाबूत होता. ओवा बटाट्याच्या भाजीत घातला.