इंग्रजीचा सराव : गोव्यातल्या मराठी शाळांची वेगळी वाट

'रिकाम्या जागा भरा', 'वाक्य प्रश्नार्थक करा', 'उतारा वाचून उत्तरे लिहा' हे इंग्रजीचे सरावपाठ कोल्हापुरात जसे, तसेच डिचोलीतही दिसतात. पण गोव्यात ते आले वेगळ्या वाटेने, आणि इथे त्यांच्यावर पडणारा भारही वेगळा आहे.

मुंबई इलाख्यात इंग्रजी ही राज्यकर्त्यांची भाषा होती. गोव्यात राज्य पोर्तुगिजांचे. इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणाचा इथल्या शाळांशी काही संबंध नव्हता. सरकारदरबारी पुढे जायचे तर पोर्तुगीज यायला हवी, आणि त्या शिक्षणाचा कळस म्हणजे १८५४ मध्ये पणजीत सुरू झालेले लिसेव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमाची सरकारी माध्यमिक शाळा. इंग्रजी हवी होती ती गाव सोडणाऱ्याला. मुंबईतली कारकुनी, बोटीवरची नोकरी, पूर्व आफ्रिकेतल्या ब्रिटिश वसाहती, सगळीकडे ती लागे. म्हणून बार्देशात हडफडे येथे १८८७ मध्ये फादर लायन्स यांनी इंग्रजी शाळा काढली आणि पुढे अशा खाजगी शाळा वाढत गेल्या. या शाळांचे लक्ष्य होते मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक. परीक्षा सीमेपलीकडची, म्हणून सरावही तिथलाच : व्याकरण चालवणे, निबंध, सारांशलेखन आणि भाषांतर.

भाषांतरापाशी थोडे थांबायला हवे. मराठी घरांतून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. आधी मराठी वाक्य, मग त्याचे इंग्रजी, मग उलट. आज ही पद्धत जुनाट मानतात. मला मात्र तिच्यात एक शहाणपण दिसते : मूल नेमके कुठे अडखळणार हे तिला ठाऊक होते. 'रामाने आंबा खाल्ला', 'रामाने पोळी खाल्ली' असे म्हणताना आपले क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते. इंग्रजीत ते जागचे हलत नाही. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय नामाच्या नंतर लागतात, इंग्रजीतली शब्दयोगी अव्यये नामाच्या आधी उभी राहतात. 'अ', 'अॅन', 'द' यांच्या जोडीचे तर आपल्याकडे काहीच नाही. दोन्ही वाक्ये शेजारी मांडली की हे सारे मुलाला डोळ्यांनी दिसते. घरी कोकणी बोलणाऱ्या मुलाला मराठी वाक्य हाच एक टप्पा असतो हे खरे, पण 'हांवें आंबो खालो' म्हणतानाही क्रियापद आंब्याकडेच पाहते. त्यामुळे पूल तोच उपयोगी पडतो.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले आणि मराठी प्राथमिक शाळा पेडणे, सत्तरी, काणकोणच्या वाड्यावाड्यांत पोचली. ज्यांच्या घरात कोणी शाळेची पायरी चढले नव्हते, ती मुले शिकू लागली. हे काम फार मोठे होते. पण चौथीनंतरच्या बहुतेक माध्यमिक शाळा इंग्रजी माध्यमाच्या. महाराष्ट्रातल्या मराठी शाळेत इंग्रजी हा एक विषय असतो. गोव्यात पाचवीत पाऊल टाकले की इतिहास, विज्ञान, गणित सगळेच इंग्रजीत. चौथीपर्यंत वर्गात हात वर करणारे मूल पाचवीत गप्प बसू लागते, याचे मूळ पुष्कळदा याच उडीत असते.

नेमके याच काळात देशभर भाषांतर मागे पडत होते. वाक्यरचनेवर भर देणारी पद्धत पन्नाशीच्या दशकापासून रुजली : तक्त्यातले शब्द बदलून तेच वाक्य पुन्हापुन्हा म्हणायचे. १९७९ ते १९८४ या काळात भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांच्या बंगळूर प्रकल्पाने या पद्धतीलाही आव्हान दिले. नकाशा वाचणे, वेळापत्रक लावणे अशी कामे मुलांना द्यायची, भाषा त्या ओघात येईल, हा विचार त्यांनी साध्या सरकारी शाळांत करून पाहिला. आजच्या पुस्तकांतल्या 'कृती' याच विचाराच्या घराण्यातल्या आहेत. विचार उत्तम आहे. पण त्यासाठी वर्गात इंग्रजी भरपूर कानावर पडावी लागते.

१९७५ मध्ये गोव्याचे स्वतःचे शालान्त मंडळ झाले, आणि परीक्षेचा आराखडा आपल्या हाती आला. १९९० मध्ये प्राथमिक शाळांचे अनुदान मराठी, कोकणी अशा भारतीय भाषांच्या माध्यमाला जोडले गेले. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाला अनुदान देण्याचा निर्णय झाला, तेव्हा भाषाप्रेमी रस्त्यावर उतरले. या वादात माध्यमावर पुष्कळ बोलले गेले, चौथी आणि पाचवी यांच्यामधल्या सरावपाठांवर फारच कमी.

तो सराव कसा असावा, हे सांगता येते. चौथीच्या परिसर अभ्यासातला मुलाला पक्का ठाऊक असलेला धडा घ्यावा. पाण्याचे रूपांतर, झाडाचे भाग, गावाचा नकाशा. त्यातली वाक्ये मराठीत आणि इंग्रजीत शेजारीशेजारी द्यावीत, मग प्रश्न इंग्रजीत विचारावेत आणि पहिले काही महिने उत्तर दोन्ही भाषांत चालू द्यावे. आशय ओळखीचा असला की मुलाचे सगळे बळ भाषेकडे वळते. हे काम मराठी शाळांतल्या आणि माध्यमिकच्या शिक्षकांनी एकत्र बसून करायला हवे, कारण त्या उडीची एक बाजू एकाला ठाऊक आहे आणि दुसरी दुसऱ्याला.