एनएफएसवर लिहिताना स्पीड जातो कुठे?

लिनक्स मशीनवरून एनएफएसच्या (दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर नेटवर्कवरून आपल्याच मशीनवर असल्यासारखं वापरायची सोय) फोल्डरमध्ये काही टाकायला गेलं की स्पीड असा काही झोपतो की पहिला संशय नेटवर्कवर जातो, मग स्विच बदलायच्या गप्पा सुरू होतात आणि कोणीतरी १० गिगाबिटचं कोटेशनसुद्धा मागवून मोकळं होतं. आणि त्याच फोल्डरमधून फाइल वाचायला घ्या, सुसाट! एकाच केबलवर असं कसं होईल? बहुतेक वेळा केबल बिचारी रिकामीच असते, सगळे थांबलेले असतात ते सर्व्हरच्या, म्हणजे फोल्डर ज्या मशीनवर आहे तिच्या डिस्कसाठी.

आधी एक गंमत बघा. मोठी फाइल कॉपीला लावली की बार धडाधड पुढे सरकतो, ९९-१०० टक्क्यांना पोचतो आणि तिथेच लटकतो, मिनिटभर हलतच नाही. हँग वगैरे काही झालेलं नसतं. सुरुवातीचा तो सगळा वेग तुमच्याच मशीनच्या रॅमचा होता, डेटा नुसता तिथे साठत होता. एनएफएसचा नियम असा की फाइल बंद करताना क्लायंटने (म्हणजे तुमच्या मशीनने) उरलासुरला सगळा डेटा सर्व्हरकडे पोचवायचा, म्हणजे दुसऱ्या कोणी ती फाइल नंतर उघडली तर त्याला ताजा मजकूर मिळेल. ती सगळी उधारी शेवटी एकदम वसूल होते. (डिस्क भरल्याची एरर पण कधीकधी फाइल बंद करतानाच येते, आणि ती एरर न तपासणारे प्रोग्रॅम काही कमी नाहीत.)

म्हणून 'लोकल डिस्कवर दोन सेकंदांत होतं, एनएफएसवर वीस लागतात' ही तुलनाच लबाडीची. लोकलवाल्या कॉपीने डेटा रॅममध्ये टाकून 'झालं' म्हटलेलं असतं, डिस्कवर तो नंतर सावकाश जातो. डीडीने (लिनक्सची कॉपी करणारी कमांड) मोजायचं तर दोन्हीकडे एफसिंकचा पर्याय (डेटा डिस्कवर पोचेपर्यंत थांबायचं) लावून मोजा, आणि सर्व्हरवर झेडएफएस या फाइलसिस्टिमचं कॉम्प्रेशन चालू असेल तर नुसती शून्यं लिहून मोजू नका, शून्यं दाबून चिमूटभर होतात आणि आकडा भलताच भारी येतो.

आता सर्व्हर एवढा वेळ का खातो? एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ च्या सुमारास बनवलं तेव्हा कल्पना अशी होती की सर्व्हरने कुठल्या क्लायंटचं काय चाललंय ते लक्षातच ठेवायचं नाही. सर्व्हर मध्येच पडला, परत उठला, तरी क्लायंटने आपली मागणी पुन्हा पाठवली की काम पुढे चालू. कल्पना मस्त, पण मग 'लिहिलं' असं उत्तर द्यायच्या आधी डेटा खरोखर डिस्कवर गेलेला पाहिजे, नाहीतर लाइट गेली की तो गायब आणि क्लायंटला पत्ताच नाही. म्हणजे रजिस्टर एडीसारखं, प्रत्येक तुकड्याची पोचपावती, आणि आवृत्ती २ मध्ये तुकडा जास्तीत जास्त ८ केबीचा. हिशेब करा: ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या मारते, १ जीबीच्या फाइलचे ८ केबीचे तुकडे होतात १,३१,०७२, एका तुकड्याला एकच फेरी धरली आणि सर्व्हरने मध्ये काही हुशारी केली नाही तर अठरा मिनिटं! प्रत्यक्षात फाइलची नोंद पण अपडेट करावी लागते, तो वेळ वेगळाच.

१९९५ च्या आवृत्ती ३ ने यातून छान वाट काढली. क्लायंट तुकडे पाठवत सुटतो, सर्व्हर ते नुसते रॅममध्ये घेतो, आणि शेवटी क्लायंट 'कमिट' म्हणतो तेव्हा सगळं एकदम डिस्कवर. कमिट होईपर्यंत क्लायंट आपली प्रत फेकत नाही. सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत एक खुणेचा आकडा देतो जो रीबूट झाल्यावर बदलतो, आकडा बदललेला दिसला की क्लायंट समजतो की मधला डेटा गेला आणि तो परत पाठवतो. मला विचाराल तर अख्ख्या प्रोटोकॉलमधली ही सगळ्यात देखणी गोष्ट आहे.

त्यामुळे एक मोठी फाइल हल्ली बऱ्यापैकी वेगात जाते. खरं दुखणं उरतं ते बारक्या फाइलींचं. प्रत्येक फाइलसाठी शोध, बनव, लिही, कमिट कर, बंद कर, आणि यात डिस्कपर्यंत जाणं दोन-तीनदा. दहा हजार फाइली, प्रत्येकी तीन वेळा, दर वेळी ८ मिलिसेकंद, झाली चार मिनिटं, डेटा भले ४० एमबीच असेल. इथे १० गिगाबिटने काडीचा फरक पडणार नाही.

मग इंटरनेटवर हमखास सल्ला मिळतो: एक्सपोर्टमध्ये (सर्व्हरवरच्या फोल्डर शेअर करायच्या सेटिंगमध्ये) 'असिंक' टाका. स्पीड खरंच उडतो, कारण सर्व्हर आता डिस्कवर न लिहिताच 'लिहिलं' म्हणतो, कमिटला सुद्धा! वर सांगितलेली खुणेच्या आकड्याची सगळी व्यवस्था त्यामुळे फुकट जाते. सर्व्हर पडला तर डेटा गेला आणि एररही नाही. लिनक्समध्ये पूर्वी हाच डिफॉल्ट होता, एनएफएस-युटिल्स या पॅकेजच्या १.०.० आवृत्तीनंतर 'सिंक' (आधी डिस्कवर, मग उत्तर) झाला. तात्पुरत्या फाइलींना असिंक चालेल, हिशेबाच्या डेटाला अजिबात नको.

नेटवर्कचा दोष कधीच नसतो असं मात्र नाही. आकडा सेकंदाला ११ एमबीच्या आसपास अडकून बसला असेल तर एथटूल (लिंकचा स्पीड दाखवणारी कमांड) चालवून बघा, गिगाबिटची लिंक १०० मेगाबिटवर घसरलेली असते, आणि कारण बऱ्याचदा केबलमधली एखादी खराब जोडी. एका बाजूला फुल डुप्लेक्स (पाठवणं-घेणं एकाच वेळी) आणि दुसरीकडे हाफ (एका वेळी एकच) असा घोळ असेल तर पिंग मस्त चालतं पण जड ट्रॅफिक सुरू झालं की टकरा होऊन सगळं कोसळतं. आयपर्फ या टूलने नुसतं नेटवर्क मोजा, ते ठीक निघालं तर क्लायंटवर एनएफएस-आयओस्टॅट लावा. त्यात प्रत्येक लेखनाचे दोन वेळ दिसतात, मागणी पाठवल्यापासून उत्तर येईपर्यंतचा, आणि क्लायंटवर रांगेत थांबलेला धरून एकूण. पिंग अर्ध्या मिलिसेकंदाचं आणि उत्तराला वीस लागतात, तर चोर सर्व्हरच्या डिस्कवर. उत्तर पटकन येतंय पण एकूण वेळ लांबलाय, तर क्लायंटवरच गर्दी आहे, तिथे लिनक्स ५.३ पासून आलेला एनकनेक्ट हा माउंट करतानाचा पर्याय उपयोगी पडू शकतो, तो एकाऐवजी अनेक टीसीपी कनेक्शन उघडतो.

डिस्कच चोर निघाली तर लाइट गेल्यावरही डेटा सांभाळणारे कपॅसिटर असलेली एसएसडी सर्व्हरला लावा, झेडएफएस असेल तर लॉगसाठी (लेखन आधी जिथे नोंदलं जातं ती जागा) वेगळी एसएसडी देता येते. आणि दहा हजार बारक्या फाइलीच हलवायच्या असतील तर टार करून (सगळ्यांचं एकच गाठोडं बांधून) एकच फाइल पाठवा आणि एसएसएचने (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची सोय) सर्व्हरवर जाऊन ते गाठोडं तिथेच उघडा.