‘मुंबई स्पेशल’च्या आधी: जुन्या घड्याळांच्या डायल रंगवण्याची पार्श्वभूमी

परदेशातल्या घड्याळ-संग्राहकांच्या तोंडी ‘मुंबई स्पेशल’ हा शब्द शिवीसारखा येतो. सिको फाइव्ह, सिटिझन, रिको, कॅमी, फॅव्हर-लुबा किंवा आपलं एचएमटी. आत चाळीस-पन्नास वर्षांचं मशीन आणि वर भडक केशरी, मोरपंखी नाहीतर दुरंगी डायल, जी त्या कंपनीने जन्मात कधी काढली नव्हती. भारतातून ऑनलाइन विकली जाणारी अशी घड्याळं बघून ‘बनावट’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. पण डायल पुसून नव्याने रंगवणं ही काही मुंबईची करामत नव्हे. एके काळी युरोप-अमेरिकेतही ती रीतसर दुरुस्ती होती आणि गिऱ्हाईक ती मागून करून घ्यायचं. दुरुस्ती कधी आणि कशी बदनाम झाली, ते समजून घ्यायचं तर आधी डायलकडेच बघायला हवं.

मनगटी घड्याळाची डायल म्हणजे बहुतेक वेळा पितळेची पातळ चकती. मागे दोन बारीक पाय असतात. ते मशीनच्या भोकांत बसतात आणि कडेच्या इवल्या स्क्रूंनी आवळले जातात. पितळेवर चांदीचा किंवा रंगाचा थर, पारदर्शक लॅकर आणि छापलेली अक्षरं. हे सगळं मिळून कागदाच्या घडीएवढंही जाड नसतं. जुन्या घड्याळांत पाणी अडवायला आजच्यासारखे रबरी गॅस्केट नसत. चावीच्या दांडीपाशी घाम शिरायचा, पावसाळ्यात काचेला आतून वाफ धरायची. चांदी काळवंडते, लॅकर पिवळं पडून तडकतं, मग खालच्या पितळेला हिरवा गंज धरतो. मशीन मात्र तेलपाणी केलं की पुन्हा ठणठणीत चालतं. म्हणजे घड्याळ धडधाकट आणि चेहरा गेलेला, ही अवस्था ठरलेलीच होती.

त्याआधीच्या खिशातल्या घड्याळांना हा रोग नव्हता. त्यांच्या पांढऱ्या डायल एनॅमलच्या असत: तांब्याच्या चकतीवर काचेची पूड पसरायची आणि ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत भाजायची, असे थरावर थर. वेस्ट एंड वॉच कंपनीची ‘बॉम्बे’ आणि ‘कलकत्ता’ अशी नावं मिरवणारी जुनी घड्याळं आजही बघायला मिळतात. शंभर वर्षांनंतर पांढरा रंग तसाच पांढरा. एनॅमलचा शत्रू एकच, ते पडणं. एकदा केसासारखी चीर गेली की ती बुजवता येते, पण घालवता येत नाही. रंगवायची कला वाढली ती विसाव्या शतकात, धातूच्या डायलबरोबर.

डायल कधीतरी धुवावी लागणारच, हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. याचा सगळ्यात देखणा पुरावा पाटेक फिलिप या स्विस कंपनीच्या जुन्या डायलवर आहे. त्या डायल करून देणाऱ्या स्टर्न बंधूंनी १९३२ मध्ये ती कंपनीच विकत घेतली. या डायलवरचं नाव आणि मिनिटांचे ठिपके नुसते छापलेले नसत. धातूत कोरून त्यात एनॅमल भरून भाजलेले असत. चांदी काळी पडली की कारागीर ती साफ करून पुन्हा चढवू शके, अक्षरं जागच्या जागी राहत. डायल परत उजळायची सोय तिच्या घडणीतच करून ठेवली होती. फार घासलं की अक्षरांच्या कडा झिजत, हेही खरं. लिलावात भिंग लावून आज नेमक्या त्याच कडा बघतात.

साध्या घड्याळांना हा थाट परवडणारा नव्हता. तिथे अक्षरं शाईची. मजकूर कोरलेल्या प्लेटवर शाई फासायची, पात्याने वरची शाई निपटायची, खाचेत उरलेली शाई जिलेटिनच्या मऊ गोळ्यावर उचलायची आणि तो गोळा डायलवर दाबायचा. पुढे जिलेटिनची जागा सिलिकॉनने घेतली, कृती तीच राहिली. आता अशी डायल धुतली की काळिमेबरोबर नावही जातं. पुन्हा छापायचं तर त्याच नावाची, त्याच वळणाची प्लेट हवी. डायल रंगवण्याच्या धंद्याची खरी मेख इथे आहे. अमेरिकेत फक्त हेच काम करणारी दुकानं होती. गावोगावचे घड्याळजी त्यांच्याकडे डायल टपालाने पाठवत. ज्याच्याकडे प्लेट चांगल्या, त्याचं काम अस्सलच्या जवळ जाणारं. छपाईच्या वेळी डायल हलू नये म्हणून कडेला कानशीने बारीक खाच पाडायची पद्धतही होती. ती खाच काचेच्या कडीखाली झाकली जायची. आज संग्राहक डायल उतरवतो तो आधी ही खाच शोधायला.

मुंबईत या कामाला जमीन आयतीच मिळाली. फॅव्हर-लुबा १८६५ पासून इथे पाय रोवून होती आणि स्विस घड्याळाची चटक शहराला जुनीच. स्वातंत्र्यानंतर मात्र आयातीवर परवान्यांचा फास आवळला. परदेशी घड्याळ एकतर आखातातून येणाऱ्या नातेवाइकाच्या हातावर यायचं, नाहीतर चोरट्या मार्गाने. एचएमटीने सिटिझनच्या मदतीने १९६१ मध्ये बंगळूरमध्ये घड्याळं काढायला घेतली, तरी घड्याळ ही पुढची बरीच वर्षं लग्नात जावयाला द्यायची वस्तू राहिली. ती फेकायची नसते. सासऱ्याने दिलेलं घड्याळ पंधरा वर्षांनी काळवंडलं की घड्याळजी डायल उतरवून ‘डायलवाल्या’कडे धाडायचा. कंपनीची नवी डायल मिळण्याची आशा नव्हती आणि अस्सल कशी दिसते याची पंचाईत कुणालाच नव्हती. गिऱ्हाइकाला हवं होतं ते लखलखीत. मूळची चंदेरी डायल काळी करून मागितली तर काळी करून मिळायची, कारण घड्याळ त्याचं होतं. यात फसवणूक कुणाची झाली?

या कामात खरा धोका होता, पण तो वेगळाच. अंधारात दिसावेत म्हणून काट्यांवर आणि आकड्यांवर रेडियमचा रंग लावलेला असे. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी हा रंग लावणाऱ्या मुलींना ब्रश ओठांत धरून टोकदार करायला शिकवलं होतं. रेडियम पोटात जाऊन त्यांचे जबडे झडले. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सोबतिणींनी १९२७ मध्ये केलेला दावा पुढच्या वर्षी तडजोडीने मिटला. तरीही रेडियमचा रंग लगेच गेला नाही, १९६०च्या दशकापर्यंत चालत राहिला. त्यातलं चमकणारं झिंक सल्फाइड काही वर्षांत थकतं आणि चमक विझते, म्हणून लोकांना वाटतं की विषय संपला. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षं. काचेआड असेपर्यंत मनगटावरच्या माणसाला भीती फारशी नाही, पण डायल खरवडणाऱ्याच्या नाकात ती धूळ जाते. डायल रंगवू नका असं सांगणारी कारणं पुष्कळ ऐकवली जातात. मला सगळ्यात पटणारं कारण हे आहे, आणि तेच सगळ्यात कमी ऐकू येतं.

नंतर रेडियमच्या जागी आलेल्या ट्रिटियमचं अर्धायुष्य जेमतेम १२ वर्षं. अशा डायलवर सहाच्या आकड्याखाली ‘स्विस’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ असतो. १९९०च्या दशकात ल्युमिनोव्हा हे अंधारात चमकणारं द्रव्य आलं, ज्यात किरणोत्सर्ग मुळीच नाही. साठच्या दशकातलं घड्याळ अंधारात हिरवंगार पेटलं तर रंग नंतर लावल्याचा वेगळा पुरावा शोधायला नको.

बाजाराचा तराजू फिरवला बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळाने. सिकोने २५ डिसेंबर १९६९ रोजी अ‍ॅस्ट्रॉन हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला ठेवलं आणि पुढच्या दीड दशकात स्विस घड्याळ-उद्योगातले कामगार नव्वद हजारांवरून तीसेक हजारांवर आले. चावीचं घड्याळ कामाची वस्तू राहिलं नाही, आणि मगच ते जमवायची वस्तू झालं. वापरणाऱ्याला चेहरा स्वच्छ हवा असतो, जमवणाऱ्याला तो मूळचाच हवा असतो. डागाला किंमत आली. काळी डायल उन्हाने तपकिरी होणं हा पूर्वी रंगाचा दोष होता. आज तिला ‘ट्रॉपिकल’ म्हणतात आणि वर पैसे मोजतात. रोलेक्सच्या डेटोना या मॉडेलची सिंगर कंपनीने बनवलेली वेगळ्या धाटणीची डायल दुकानांत पडून राहायची. तशीच डायल असलेलं हॉलिवूड नट पॉल न्यूमनचं स्वतःचं घड्याळ ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरांना गेलं. असं असताना कोण कशाला डायल धुवेल?

मुंबईपर्यंत हा नवा हिशेब पोचला तो उलट्या बाजूने. टायटनच्या क्वार्ट्झ घड्याळांनी घरोघरची जुनी घड्याळं कपाटात ढकलली, तिथून ती भंगारात आणि चोरबाजारात आली. पोत्याने मशीनं, त्यातली बरीच चालू, आणि डायल सगळ्यांच्या खराब. रंगवणारे हात होतेच. ऑनलाइन विक्री सुरू झाल्यावर परदेशी गिऱ्हाईक मिळालं, ज्याला दोन-तीन हजारांत ‘व्हिंटेज स्विस’ हवं होतं आणि फोटोत उठून दिसणारा रंग आवडत होता. इथे दुरुस्तीचं उत्पादन झालं. एकाचं मशीन, दुसऱ्याची केस म्हणजे बाहेरचं कवच, तिसऱ्याचे काटे आणि डायलवर जे खपेल ते नाव. २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, जुन्या ‘पायलट’ आणि ‘जनता’ची मागणी वाढली, तशा त्यांच्याही ताज्या डायल बाजारात दिसू लागल्या. माझ्या मते दोष रंगाच्या ब्रशचा नाही. डायल नवी आहे हे जाहिरातीत न लिहिण्याचा आहे.

ओळखायच्या खुणा भिंगाखाली पटकन सापडतात. तासाच्या उठावदार खुणेचं टोक आणि मिनिटाची छापील रेघ एका ओळीत नसतात. अक्षरं जाड, फुगीर, कडांना पसरलेली. सेकंदाच्या छोट्या तबकडीतली फुली मध्यापासून सरकलेली. तळाशी ‘स्विस मेड’ गायब, किंवा सहाच्या खुणेला चाटून गेलेलं.

चांगले कारागीर हल्ली कमीत कमी हात लावतात. सुटू पाहणारा रंग जागीच धरून ठेवायचा, गंज पुढे सरकणार नाही एवढं बघायचं, गेलेल्या अक्षराचा तुटका तुकडाच फक्त भरायचा आणि काम करण्याआधीचे फोटो मालकाला द्यायचे. डायल अगदीच हाताबाहेर गेली असेल तर दुसरी बसवतात, पण मूळ डायल छोट्या पाकिटात घालून घड्याळाबरोबर परत देतात; घड्याळ पुढे विकायला काढलं की गिऱ्हाईक आधी त्या पाकिटाची चौकशी करतं.